टायरवाल्यांच्या शेजारच्या वेणूबाई

वेणूबाईंनी माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. ही तक्रार नाही. त्यांनी कुणावरच ठेवला नाही, त्यामुळे त्यात माझा वेगळा अपमान झाला असं म्हणता येत नाही. माझाही त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. एका तारेच्या कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही काही वर्षं एकमेकींवर नजर ठेवली, आणि एवढ्या बारकाईनं मी नंतर कुणाकडे पाहिलं नाही.

विदर्भातल्या मालेगावहून वाशीमकडे जाताना एक फाटा आत वळतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून माझ्यावर दात धरून असतील. फाट्यापासून थोडं आत जुन्या टायरांचा कारखाना आहे आणि तिथला कारभार तेव्हा माझ्याकडे होता. मालक अकोल्याचे, त्यांना सगळे शेठ म्हणत. ते क्वचित यायचे, पांढऱ्या गाडीतून उतरून पायाखाली बघत चालायचे आणि तासाभरात निघून जायचे. टायर उतरवून घेणं, माणसं कामावर आणणं, मशीन बंद पडलं की मिस्त्री शोधणं आणि गावाची बोलणी खाणं हे माझं काम.

कारखान्यात काय चालतं ते आधी सांगते, कारण सगळा संशय तिथूनच सुरू झाला. ट्रकचे घासून गुळगुळीत झालेले टायर येतात. त्यांच्या कडेतली जाड तारेची कडी एक मशीन ओढून काढतं. मग टायरचे पट्टे, पट्ट्यांचे तुकडे, तुकड्यांचा चुरा. चुऱ्यातली बारीक तार लोहचुंबक ओढून घेतं, धागे पंखा उडवतो. शेवटी हातात उरतो तो काळा, राळ्याच्या दाण्यासारखा बारीक भुगा. तो पोत्यांत भरून डांबराच्या प्लांटवर जातो. तिथे गरम डांबरात तो मुरवतात आणि त्या डांबराचा रस्ता करतात. असा रस्ता उन्हाळ्यात पाघळत नाही आणि लवकर तडकत नाही. आमच्याकडे फक्त कापणं आणि दळणं. कुठेही आग नाही. हे शेवटचं वाक्य मी गावात इतक्यांदा बोलले की ऐकणाऱ्याला वाटावं, नक्कीच आग असणार.

कारखान्याला लागून वेणूबाईंचं वावर. पुढे कोरडवाहू तुकडा, मागे संत्र्याची बाग, बागेच्या टोकाला विहीर. विहीर सामाईक, त्यांची आणि त्यांचे धाकटे दीर किसनराव यांची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत. किसनरावांचं वावर नाल्यापलीकडे. विहिरीवरची मोटर किसनरावांची, विजेचं कनेक्शनही त्यांच्याच नावावर. वेणूबाईंना पाळीनं पाणी मिळायचं. गावात किसनरावांचा शब्द चालायचा आणि घरातही.

मशीन सुरू झालं त्या पहिल्याच आठवड्यात वेणूबाई कुंपणाला येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेल्या, उंच, हाडकुळ्या. डोक्यावरून पदर आणि पदराखालून एकच डोळा रोखलेला. दुसरा उन्हामुळे मिटलेला असायचा, पण मला कायम वाटायचं की तो मुद्दाम राखून ठेवलाय.

"तूच का इथची मालकीन?"

"मालकीण नाही काकू, कामाला आहे."

"मंग मालक कोठं हाय?"

"अकोल्याला."

"अकोल्यात जागा नव्हती? टायर तिकडले, मालक तिकडला, अन् घान आमच्या गावात?"

"घाण नाही हो. आत या, बघा. चहा घ्या."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहात काय घालणार आहे ते त्यांना आधीच ठाऊक असावं. "गोड बोलनाऱ्याच्या हातात टेप असते," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

टेप म्हणजे जमीन मोजायची. शेठना ट्रक वळवायला जागा कमी पडत होती आणि वेणूबाईंच्या तुकड्यावर त्यांचा डोळा होता, हे खरं होतं. मला ते माहीत होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं.

पुढे महिनाभरानं त्या खरंच आत आल्या. आमंत्रण नाकारायचं आणि मग आपल्या सोयीनं, आपण ठरवलेल्या वेळी येऊन धडकायचं, ही त्यांची रीत. समोरच्याला लपवालपवीला वेळ मिळू द्यायचा नाही. फाटकातून सरळ मशीनकडे गेल्या. एकेका मोटरीवर तळहात ठेवून पाहिला. भिंती चाचपल्या. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत वाकल्या. भुग्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून नाकाशी नेला. बिहारकडचा एक कामगार पट्टे कापत होता, त्याला म्हणाल्या, "भट्टी कोठं हाय रे?"

"भट्टी नहीं है, माताजी."

"तुले सांगून ठेवलं असन. घरी आई हाय का तुही? तिची शपथ घे."

त्यानं बिचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं शपथ घेतली. वेणूबाईंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्याडमनं मान हलवली तवा घेतली. त्या शपथीचं काय खरं?"

जाताना मी विचारलं, "मग? सापडली भट्टी?"

"नाही सापडली," त्या म्हणाल्या. "म्हंजे चांगली लपवली हाय."

मला म्याडम म्हणायच्या आणि अगंतुगं करायच्या. हे दोन्ही एका वाक्यात बसवायला त्यांना काहीच अडचण नव्हती.

एसटीत बसल्या की आधी गाडीवरची पाटी वाचणार, मग कंडक्टरला विचारणार, मग शेजारच्या बाईला आणि मागच्या माणसाला. चौघांचं उत्तर एक आलं तर त्यांना जास्तच काळजी वाटायची. मुलगा पुण्याहून फोन करायचा तर त्या आधी त्याला त्याच्या लहानपणीच्या बैलाचं नाव विचारायच्या. आवाज काय, कुणीही काढतं. दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली आणि कुंपणावरून त्यांना पेढा दिला. त्यांनी तो माझ्यादेखत कुत्र्याला घातला आणि कुत्र्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला रागही आला नाही, इतकं ते उघड होतं. दुसऱ्या दिवशी त्या परत कुंपणाला.

"कुत्रं बरं हाय," त्या म्हणाल्या. "आता माह्या वाट्याचा दे."

तो पेढा त्यांनी पदरात बांधून नेला. खाल्ला की नाही कोण जाणे.

आमच्या भुग्याचा पहिला रस्ता झाला तो योगायोगानं याच गावचा, फाट्यापासून गावापर्यंतचा. डांबर अंथरलं जात होतं तेव्हा अर्धं गाव कडेला उभं होतं. त्यात वेणूबाईही. काम करून घेणाऱ्या तरुण इंजिनियरला त्यांनी बाजूला घेतलं.

"याच्यात टायर घातलं म्हनते?"

"हो आजी, टायरचा भुगा."

"अन् वरून गाडी चालन ते टायरवरच?"

"हो."

"म्हंजे टायर वरबी अन् टायर खालीबी. मंग रस्ता कोठं हाय?"

लोक हसले. इंजिनियरही हसला. त्यानंतरचे दोन उन्हाळे वेणूबाई भर दुपारी त्या रस्त्यावर यायच्या, चप्पल काढायच्या, अनवाणी उभ्या राहायच्या आणि पाय उचलून तळव्याला डांबर लागलं का ते बघायच्या. लागत नव्हतं. मी एकदा स्कूटर थांबवून म्हटलं, "टिकला ना रस्ता?"

"अजून एक उन्हाळा जाऊ दे," त्या म्हणाल्या. "नवी सून बी दोन वर्सं चांगली वागते."

आता माझ्या संशयाकडे येते.

आमच्या ढिगातून टायर जायला लागले होते. फार नाही, पण जात होते. सकाळी ढिगाचा एक कोपरा बसलेला दिसायचा आणि कुंपणाखालची माती घासलेली. कुंपणाच्या त्या बाजूला वावर वेणूबाईंचं, आणि कुंपणाशी सतत घोटाळणारी बाई एकच. मी काही बोलले नाही. पण त्या आल्या की मी त्यांच्या हातांकडे बघायची. टायर ओढणाऱ्याच्या हाताला काळं लागतं, ते साबणानंही नीट जात नाही. त्यांच्या लक्षात आलं.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही."

"माहे हात पाहून राह्यली. मले समजत नाही का? टायर चालले तुहे. हे घे, पाह्य." त्यांनी दोन्ही तळवे तारेतून आत घातले. शेणाचा वास, आणि तळव्यांना विळ्यानं पडलेले घट्टे. काळं नव्हतं. "झालं समाधान? मी टायर नेऊन काय करू? नेसू का?"

माझं समाधान झालं नाही, पण मी तो विषय तिथे सोडला.

मग हिवाळा लागला आणि धुराची बोंब सुरू झाली. सकाळी सकाळी गावावर जळक्या रबराचा वास यायचा. सामाईक विहिरीच्या पाण्यावर पातळ काळी साय धरायला लागली. गावाचा हिशेब सरळ होता: टायरचा वास, म्हणजे टायरचा कारखाना. किसनराव चहाच्या टपरीवर बसून बोलायला लागले की कारखाना बंदच पाडला पाहिजे. शेठ फोनवर मला विचारायला लागले, "खरंच कोणी काही जाळत नाही ना?" म्हणजे त्यांनाही शंका. मी पहाटे पहाटे येऊन कारखान्याभोवती चक्कर मारली. वास होता, धूर दिसत नव्हता. नाल्यावर धुकं असायचं आणि त्यात सगळंच राखाडी.

वेणूबाईंनी त्यांचा उपाय काढला. नवऱ्याच्या जुन्या धोतराचे त्यांनी तुकडे केले. रोज संध्याकाळी एक धुतलेला तुकडा बागेच्या बाजूच्या बोरीवर वाळत घालायचा आणि सकाळी उतरवून बघायचा. तो काळपट निघायचा. माझ्या नाकासमोर धरून त्या म्हणायच्या, "हे काय हाय? हळद हाय?"

"काकू, आमच्याकडे आग नाही."

"मंग माह्या मेलेल्या मानसाच्या धोतरावर काजळी कोठून आली? वरून धाडली त्यानं?"

तुकडे त्या घडी घालून जपून ठेवत होत्या. जानेवारीच्या ग्रामसभेत कारखाना बंद करण्याचा ठराव येणार होता. त्यात हे तुकडे पुढे येणार, हे मला दिसत होतं. ठराव झाला की परवानगी अडकणार, आणि पट्टे कापणारी, पोती भरणारी ती माणसं मी कुठे पाठवणार होते? शेठ काय, दुसरीकडे धंदा काढतील.

पण सभेच्या कितीतरी आधी, धोतराचे तुकडे बोरीवर पडू लागले तेव्हाच, दिवाळी आली होती. कामगार गावाला गेले होते, मशीन बंद, फाटकाला कुलूप. दिवाळीनंतर फाटक उघडलं त्या दिवशी वेणूबाई तारेशी उभ्याच होत्या.

"दिवाळीत मशीन चालू होती का तुही?"

"नव्हती. सगळे घरी होते."

"ते मले माहीत हाय. कुलूप मी वढून पाह्यलं होतं. रोज."

"मग?"

त्यांनी कमरेला खोचलेला धोतराचा तुकडा काढला. काळाच होता. ज्याच्यावर संशय घ्यायची सवय झालेली असते तो हातातून निसटला की माणसाला आनंद होत नाही. त्यांनाही झाला नाही. उलट माझ्यावरच चिडल्यासारख्या म्हणाल्या, "तू नाही त मंग कोन?" आणि निघून गेल्या.

डिसेंबरात एका सकाळी कुंपणावरून काहीतरी खणखणत माझ्या पायाशी पडलं. जळून लाल-काळं झालेलं तारेचं कडं. टायर जाळला की रबर जातं, ही कडी उरते. पलीकडे वेणूबाई.

"हे तुह्याच ढिगातल्या टायरचं का?"

"असेल. सगळ्या ट्रकच्या टायरात असतंच. कुठे मिळालं?"

"इचारू नको."

"काकू, कुठे मिळालं?"

त्यांनी नाल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. पण तेवढं पुरे होतं. नाल्यापलीकडे हरभरा होता, किसनरावांचा. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवून जातात. त्यांना हाकलायला कुणी फटाके लावतं, कुणी जुन्या साड्या बांधतं, आणि कुणी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार कोपऱ्यांत टायर पेटवून देतं. टायर रात्रभर धुमसतो, वास दूर जातो, जनावर फिरकत नाही. धूर मात्र नाल्याच्या सखल भागात बसतो आणि सकाळी बागेवर, विहिरीवर उतरतो.

"ग्रामसभेत सांगाल?" मी विचारलं.

"मी तुही साक्षीदार हाय का?"

"नाही. पण खरं आहे ते..."

"खरं!" त्या म्हणाल्या. "माही बाग तानावर हाय. खरं बोलून झाडाले काय पाजू?"

ज्यांनी संत्रा लावलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होईपर्यंत झाड तहानेलं ठेवायचं, त्याला ताण देणं म्हणतात. मग जानेवारीत नेमक्या वेळी भरपूर पाणी सोडायचं. झाड घाबरून फुलावर येतं. ते पाणी त्या वेळेला मिळालं नाही तर बहर गेला, आणि फार लांबलं तर झाडंही जातात. वेणूबाईंची बाग ताणावर होती. पाणी सोडायची वेळ आणि ग्रामसभा एकाच आठवड्यात येत होत्या. मोटरीचं बटण किसनरावांच्या हातात.

मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी गप्प राहावं हेच शहाणपणाचं होतं. त्यांच्या जागी मी असते तर गप्प राहिले असते.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानात झेंडा झाला आणि तिथेच सभा बसली. मी कडेला उभी. किसनराव उठले. गडी बोलण्यात तरबेज. गावाच्या पाण्याचं बोलले, लेकरांच्या छातीचं बोलले. मग म्हणाले, "माह्या सोताच्या वहिनीले इचारा. इधवा बाई हाय. तिच्या इहिरीवर काळा थर, तिच्या बागेवर काजळी. तिनं फडके जपून ठेवले हाय. वहिनी, उठा. सांगा सगळ्याइले."

त्यांची खात्री होती. का नसावी? वेणूबाईंसारखी आमच्यावर रोज दात ओठ खाणारी दुसरी कोण होती?

वेणूबाई उठल्या. पदर सारखा केला. फडकी त्यांच्या हातात होती.

"थर हाय, खरं हाय," त्या म्हणाल्या. "काजळी हाय, तेबी खरं हाय. हे पाहा." लोकांत कुजबुज झाली. किसनरावांनी मान हलवली. "पन दिवाळीत कारखाना बंद होता. कुलूप मी रोज वढून पाह्यलं. अन् काजळी येतच होती. मंग मी एक दिवस उजाडता उजाडता नाल्यापलीकडं गेली. किसना, तुह्या धुऱ्यावर टायर धुमसत होते. चारही कोपऱ्याले."

मग मागून एक आवाज आला, "रोही त सगळेच हाकलतात, काकू."

"त मंग सगळ्याइच्या धुऱ्यावर जाऊ दे सभा," वेणूबाई म्हणाल्या. हसू आलं ते थोडक्यात विरलं.

किसनरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "वहिनी, तुमाले हे कोनं शिकवलं?" आणि सगळ्या सभेनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की काहीही बोलले तरी त्यांना ते कबुलीसारखंच वाटणार. मी पायाखालची माती बघत राहिले.

"मले कोन शिकवन?" वेणूबाई कडाडल्या. "ही म्याडम? हिच्यावर माहा काडीचा इसवास नाही. हिचा मालक माह्या वावरावर डोया ठेवून हाय, आज ना उद्या कागद घेऊन येते का नाही पाहा. उद्या यायनं तिथं भट्टी टाकली त सगळ्याच्या आंधी मी जाऊन कुलूप लावीन. पन आजचा धूर यांचा नाही. यांचा नाही त नाही."

आणि त्या खाली बसल्या. माझ्या बाजूनं आयुष्यात इतकं चांगलं आणि इतकं वाईट एका दमात कुणी बोललेलं नाही.

ठराव बारगळला. पुढच्या सभेत बघू, असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही. टायर जाळणंही बंद झालं नाही, फक्त नाल्यापासून जरा वर सरकलं. मी कुंपणाखाली दगड भरून घेतले आणि आमचे टायर जायचे थांबले. कोण नेत होतं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तिसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर जळाली. असं किसनराव म्हणाले. मिस्त्री मिळत नाही, असंही म्हणाले. त्यांच्या हरभऱ्याला तेवढ्यात एक पाणी होऊन गेलं होतं. वेणूबाईंनी भाड्यानं डिझेल इंजिन मागितलं. गावात ज्यांच्याकडे होतं त्या सगळ्यांचीच इंजिनं त्या आठवड्यात बिघडलेली होती. पुण्याहून मुलाचा फोन आला: विकून टाक, माझ्याकडे ये. त्यांनी त्याला बैलाचं नाव विचारलं आणि त्यानं बरोबर सांगितल्यावर फोन ठेवून दिला. हे त्यांनीच मला सांगितलं, तारेपलीकडून.

आमच्याकडे बोअरचं पाणी होतं. मी म्हटलं, "पाईप टाकते. कुंपणातून थेट बागेत. उद्या सकाळी."

"नको."

"काकू, झाडं जातील."

"तुहं पानी माह्या बागेत दिसलं का गाव काय म्हनन? म्हून बोलली बुढी. पान्यावर इकली गेली. किसना त्याचीच त वाट पाहून राह्यला." त्या थांबल्या. "अन् तुह्या पान्यात काय असते कोनाले ठाव."

मी दुसऱ्या दिवशी मालेगावहून टँकर पाठवला. माझं नाव सांगू नको, असं ड्रायव्हरला बजावलं. त्यांनी त्याला उन्हात उभं करून उलटतपासणी घेतली आणि टँकर भरलेलाच परत पाठवला. ड्रायव्हर मला म्हणाला, "म्याडम, त्या बाईनं माह्या सासऱ्याचं नाव बी काढून घेतलं."

त्याच आठवड्यात शेठचा फोन. खुशीत होते. "सभा छान झाली. आणि ऐकतो की म्हातारीला पाण्याची अडचण आहे. आता ती जमिनीचा तुकडा द्यायला तयार होईल, बघ." म्हणजे वेणूबाईंनी सभेत सांगितलं ते शब्दशः खरं होत होतं, फक्त कागद माझ्या हातून जाणार होता.

"नाही देणार," मी म्हटलं.

"विचारून तर बघ."

"मी विचारणार नाही. तुम्ही या आणि विचारा."

शेठ आले नाहीत. मला वाटतं, पदराखालच्या त्या एका डोळ्याची कहाणी त्यांच्यापर्यंत पोचलेली असावी.

मोटर दुरुस्त झाली, पण उन्हं तापल्यावर, बहर गेल्यावर. तोवर शेठनी मला त्यांच्या दुसऱ्या कारखान्यावर पाठवलं होतं. वेणूबाई वारल्याचं मला पुढच्या वर्षी कळलं, फाट्यावरच्या कारखान्यातल्या एका कामगाराकडून. मुलानं वावर विकलं का, कुणाला विकलं, ते मी विचारलं नाही. उत्तराचा अंदाज होता.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधी, त्याच फेब्रुवारीत. बागेची मागची झाडं पानं गाळून उभी होती. विहिरीजवळची एक ओळ मात्र हिरवी होती आणि तिच्यात फुलंही दिसत होती. विहिरीच्या काठावर वेणूबाई. मोटर किसनरावांची, पण विहीर दोघांची. दोर आणि बादली सोडायला त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. त्या पाणी हातानं शेंदत होत्या. एक बादली वर यायला बराच वेळ लागायचा. मग ती उचलून झाडाच्या आळ्यात ओतायची, परत काठावर यायचं, थोडं थांबायचं. किती दिवस चाललं होतं माहीत नाही, पण कठड्याचा दगड दोरानं घासून ओला झाला होता.

मी रस्त्यावर स्कूटर थांबवली आणि बांधावरून आत उतरले. "सरका," मी म्हटलं. "मी ओढते थोडं."

त्यांनी दोर सोडला नाही. रस्त्याकडे पाहिलं, मग नाल्यापलीकडे, मग माझ्याकडे.

"कोनी पाहीन," त्या म्हणाल्या.

"पाहू द्या."

"तुले काय जाते पाहू द्या म्हनायले? मी त्या दिशी खरं बोलली ते खोटं व्हईन." दम लागला होता, शब्द तुटत होते. "जाय तू."

फाट्याकडून एक मोटरसायकल येताना दिसत होती. मी वर आले. मोटरसायकलवाला जवळ येण्याआधी स्कूटर सुरू केली आणि कारखान्याच्या फाटकाकडे न वळता सरळ पुढे निघून गेले.